झेडपीच्या शाळेसाठी काही करायचंय? नव्या पालकांसाठी सुरुवातीपासून हिशेबापर्यंत

ज्यांचं मूल यंदा पहिल्यांदा जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊ लागलंय आणि ज्यांना शाळेसाठी मनापासून काही करायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बहुतेक गावांत या कामाची सुरुवात वर्गणीने होते. चार उत्साही पालक जमतात, शाळेला रंग द्यायचं ठरतं, घरटी पाचशे रुपये लावले जातात आणि महिनाभरात गावात दोन तट पडतात. माझं स्पष्ट मत आहे की पैशाचा विषय सगळ्यात शेवटी काढावा. शाळेच्या हक्काचं जे आहे ते आधी मागून घ्यावं. मग हाताने होण्यासारखं हाताने करावं, वस्तू कुठून मिळतात का ते बघावं आणि एवढं करूनही जे उरेल त्याच्यासाठीच पावतीपुस्तक काढावं.

समिती कोणाची, काम काय

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावीच लागते. समितीतले ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना पटातल्या प्रमाणात जागा. आपल्याकडे अध्यक्ष पालकांमधलाच असतो आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव. बैठक महिन्यातून एकदा होणं अपेक्षित आहे, आणि दर दोन वर्षांनी समिती नव्याने निवडायची असते.

कायद्याने समितीला तीन मोठी कामं दिली आहेत: शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि शाळेला आलेल्या अनुदानाचा विनियोग बघणं. म्हणजे वर्गणी गोळा करणं हे समितीचं मूळ काम नाहीच. पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळ खुर्ची मिळणं हेही नाही.

तुम्ही समितीवर नसलात तरी चालतं. पालकसभेला जा, मागच्या तीन-चार बैठकांचं प्रोसिडिंग वाचायला मागा. मुख्याध्यापकांना आधी भेटून, 'सर, मला महिन्यातून एवढा वेळ देता येईल, शाळेला काय उपयोग होईल?' असं विचारा. पहिल्याच भेटीत तक्रारीचा पाढा वाचला तर दार अर्धं बंद होतं. दोनच शिक्षक असतील तर चार वर्ग, पोषण आहार, ऑनलाइन माहिती आणि पंचायत समितीची पत्रं हे सगळं त्या दोघांच्याच डोक्यावर असतं, हे ध्यानात ठेवून बोला.

एक सकाळ शाळेत काढा

काही ठरवण्याआधी दोघातिघांनी शाळा फिरून बघावी, आणि त्यात एक तरी आई असावी. मुलींचं स्वच्छतागृह बाईच्या नजरेने बघितलं की जे दिसतं ते एरवी कुणी लिहीत नाही: आतून कडी लागते का, नळाला पाणी येतं का, की बादली भरून न्यावी लागते, दरवाजा खालून कुजलाय का. पिण्याच्या पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, पावसात कुठल्या खोलीत गळतं, पंख्यांपैकी किती फिरतात, वीजबिल किती महिन्यांचं थकलंय, पुस्तकं कपाटात कुलपात आहेत की मुलांच्या हातात.

जे दिसेल ते वहीत लिहा. मग प्रत्येक ओळीसमोर एकच गोष्ट लिहायची: हे काम कुणाचं? जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, शाळेचं अनुदान, की आपण. निम्म्याहून जास्त ओळी 'आपण'च्या बाहेर पडतात असा माझा अनुभव आहे.

हक्काचं आधी मागा

समग्र शिक्षा योजनेतून शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मंजूर असतं. निकषांप्रमाणे ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार आणि त्यापुढे १,००० पर्यंत ७५ हजार रुपये. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. रक्कम मोठी नाही आणि बऱ्याचदा उशिरा येते, पण ती किती आली आणि कशावर गेली हे विचारण्याचा अधिकार समितीला कायद्याने दिलाय. ते विचारलं म्हणून गुरुजींवर अविश्वास दाखवला असं होत नाही.

दुसरं दार ग्रामपंचायतीचं. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींना आलेल्या, पैशातला ६० टक्के हिस्सा बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखलेला. शाळेचा नळ, टाकी, हात धुण्याची जागा, स्वच्छतागृहाची दुरुस्ती ही कामं अशा पैशात बसतात. त्यासाठी ग्रामपंचायत विकास आराखडा तयार होत असतानाच्या ग्रामसभेत विषय मांडावा लागतो. आराखडा मंजूर झाल्यावर सरपंचांच्या घरी खेपा घालून फारसं काही होत नाही. समितीचा ठराव, दोन फोटो आणि एक लेखी अर्ज घेऊन ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) जा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखंच.

खोली धोकादायक झाली असेल तर तिला हात लावायचा नाही. इमारत जिल्हा परिषदेच्या मालकीची असते. पाडायची तर आधी निर्लेखनाची, म्हणजे ती वापरातून बाद ठरवण्याची, मंजुरी लागते आणि नवीन बांधायची तर बांधकाम विभागाची परवानगी. गावाने वर्गणी काढून उत्साहात बांधकाम सुरू केलं आणि मग कागदात अडकलं, असं होऊ देऊ नका. खोलीत मुलं बसवणं मात्र त्याच दिवशी थांबवा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा.

हाताने होणारी कामं

गावाकडे माणसांची कमी नसते, वेळेचं गणित जुळवावं लागतं. सुगीत किंवा लावणीच्या दिवसांत श्रमदान ठेवलं तर कुणी येणार नाही आणि न येणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. शाळा उघडण्याच्या आधीचा आठवडा चांगला. मैदानातले दगड वेचणं, गवत काढणं, टाकी धुणं, बाकांचे खिळे ठोकणं, फळ्यांना काळा रंग देणं, हे एका सकाळी उरकतं. चहा-पोह्यांचं कुणी तरी एकाने अंगावर घ्यावं.

गावात गवंडी, वायरमन, सुतार, वेल्डर, शिंपी असतातच. त्यांच्याकडे वर्गणी मागण्यापेक्षा त्यांच्या हातचं काम मागा. माणूस स्वतःच्या कसबाने मदत करतो तेव्हा पुढच्या वेळी न बोलावता येतो. मात्र सामान समितीने आणून द्यावं. मजुरी सोडलेल्या माणसाकडून सिमेंटही काढून घ्यायचं नाही.

श्रमदानापेक्षा मोलाची मदत रोजची असते, आणि ती बहुतेक वेळा आया करतात. राज्यात 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानातून माता गट तयार झाले आहेत. वस्तीतल्या पाच-सहा आया आठवड्यातून एकदा बसतात, आयडिया कार्डवरचे खेळ मुलांकडून करून घेतात. स्वतः चौथीपर्यंतच शिकलेली आईसुद्धा डाळ-तांदळाच्या दाण्यांवर दहा-दहाचे गट करायला शिकवू शकते, आणि ते मूल पहिलीत गणिताला घाबरत नाही. तुमच्या शाळेत असा गट कागदावरच असेल तर तो सुरू करणं हे नव्या पालकाला घेता येईल असं सगळ्यात चांगलं काम आहे. त्याला एक रुपया लागत नाही.

पोषण आहाराकडेही लक्ष द्या. जेवण मुलांना वाढण्याआधी चाखून बघायचं असतं आणि चव नोंदवहीत सही करायची असते. पालकांनी पाळीपाळीने जावं. आमटी पातळ आहे असं ओरडण्यापेक्षा तांदूळ-डाळ किती आली, किती शिल्लक आहे ते बघावं आणि स्वयंपाकीण ताईंचं मानधन वेळेवर होतं का तेही विचारावं. लेकराच्या वाढदिवसाला काही द्यायचं असेल तर केक आणि फुग्यांपेक्षा तिथी भोजन बरं: त्या दिवशीच्या जेवणात केळी, उसळ किंवा शिरा सगळ्यांना. आधी मुख्याध्यापकांना सांगायचं आणि ताजं, आपल्या डोळ्यांसमोर शिजलेलंच द्यायचं.

एक नियम कधीच सैल करू नका. मदतीला आलेला कुठलाही मोठा माणूस, ओळखीचा असो वा पाहुणा, मुलांबरोबर बंद खोलीत एकटा असता कामा नये. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते, तिच्यात कोण आहे ते प्रत्येक पालकाला माहीत हवं. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय ग्रुपवर किंवा फेसबुकवर टाकू नका, देणगीदाराने हट्ट केला तरी.

वस्तू घेताना

फुकट मिळतंय म्हणून सगळंच घ्यायचं नसतं. कितीतरी शाळांत भेट मिळालेले टीव्ही आणि प्रोजेक्टर कापडाखाली झाकलेले दिसतात, कारण वीजबिल थकल्यामुळे जोडणी तोडलेली असते, किंवा रिमोट हरवलेला असतो, किंवा दुरुस्ती कोण करणार हे कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून देणाऱ्याशी आधी मोकळेपणाने बोला. 'दादा, टीव्ही नको, तेवढ्यात दोन कपाटं आणि गोष्टींची पुस्तकं द्या' असं सांगितलं तर बहुतेक लोक ऐकतात. जुन्या कपड्यांचे गठ्ठे आणि वापरलेली दप्तरं तर सरळ नाकारा. शाळेत सगळ्यांसमोर ते वाटलं की घेणाऱ्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

जी वस्तू घ्याल तिची डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, त्याच दिवशी नोंद: काय, किती, कुणाकडून, अंदाजे किंमत. ही नोंद नसेल तर दोन वर्षांनी चांगली सतरंजी कुणाच्या तरी लग्नात दिसते.

गावाबाहेरून वस्तू किंवा शिकवण्यासाठी स्वयंसेवक हवे असतील तर केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल आहे. सप्टेंबर २०२१ पासून ते नव्या स्वरूपात सुरू आहे. शाळेने आपल्या यूडायस क्रमांकावरून (प्रत्येक शाळेला मिळालेला सरकारी ओळख क्रमांक) गरज नोंदवायची असते. हे काम गुरुजींवर न टाकता तालुक्याला कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या पोरीला त्यांच्या शेजारी बसवून करून घ्या.

आता वर्गणी

शिक्षणासाठी लोकांकडे मागण्यात कमीपणा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी दारोदार धान्य मागितलं. मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. महाराष्ट्राला ही परंपरा आहे, आणि म्हणूनच तिला डाग लागू नये.

पहिली अट: वर्गणी ऐच्छिकच. सहा ते चौदा वयाच्या मुलाला सरकारी शाळेत मोफत शिक्षण हा त्याचा हक्क आहे. वर्गणी दिली नाही म्हणून दाखला अडवणं, गॅदरिंगमध्ये न घेणं, वर्गात नाव वाचणं हे कायद्याच्या विरोधात आहे आणि माणुसकीच्या तर आहेच. घरटी आकडा ठरवूच नका. ऊसतोडीला जाणारं घर आणि नोकरदाराचं घर यांना एकच आकडा लावणं अन्यायाचं आहे. ज्याला दहा रुपये द्यायचेत त्याला दहाचीच पावती तेवढ्याच आदराने फाडून द्या. मुलांच्या हाती पैसे मागवू नका आणि वर्गशिक्षकांना वसुलीला लावू नका.

दुसरी अट: आधी ठराव. त्यात कशासाठी, किती आणि कधीपर्यंत हे तिन्ही हवं. साधारण असा लिहिता येतो:

'ठराव क्र. ४: शाळेच्या ग्रंथालयासाठी दोन लोखंडी कपाटे व पुस्तके घेण्याकरिता ऐच्छिक लोकवर्गणी जमा करण्यात यावी. अपेक्षित रक्कम रु. २८,०००. मुदत ३० नोव्हेंबर. वर्गणी समितीच्या बँक खात्यावर अथवा छापील पावतीवरच स्वीकारावी. शिल्लक रक्कम पुढील बैठकीच्या मंजुरीशिवाय खर्च करू नये. सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर.'

खाली हजर असलेल्यांच्या सह्या. कोरी जागा सोडून 'नंतर भरू' असं कधीही करू नका.

तिसरी अट: खातं. लोकवर्गणी समितीच्या खात्यावर, अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या जोडसहीने. सरकारी अनुदानात ती मिसळायची नाही. क्यूआर कोड लावायचा तर याच खात्याचा. 'तात्पुरतं माझ्या नंबरवर पाठवा' ही सोय कितीही प्रामाणिक माणसाने केली तरी पुढे भांडणाचं मूळ तीच ठरते. पावतीपुस्तक अनुक्रमांक छापलेलं हवं, आणि किती पुस्तकं छापली, कुणाकडे कुठलं दिलं याची नोंद ठेवा. रोख रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत भरा, आणि तोपर्यंत ती एकाच माणसाने सांभाळावी.

मागायला दोघांनी जावं, एक पुरुष आणि एक बाई असेल तर उत्तम. दिवेलागणीनंतर माणसं घरी भेटतात, पण जेवणाच्या वेळी जाऊ नका. काय घ्यायचंय त्याचं कोटेशन सोबत ठेवा. नाही म्हणणाऱ्याला 'बरं काका, कपाटं आली की बघायला या' एवढंच म्हणायचं.

गॅदरिंगची रात्र

गावच्या शाळेत सगळ्यात जास्त पैसा जमतो तो स्नेहसंमेलनात, आणि सगळ्यात जास्त गोंधळही तिथेच होतो. लहान पोरींची लावणी किंवा कोळीगीत रंगात येतं, समोरून कुणीतरी नोट घेऊन उठतो, माइकवरून 'यांच्याकडून एकशे एक रुपयांचं बक्षीस' अशी घोषणा होते आणि मग चढाओढ लागते. हे पैसे कुणाचे, नाचणाऱ्या मुलीचे की शाळेचे, हे आधी ठरलेलं नसेल तर दुसऱ्या दिवशी आया भांडतात.

म्हणून कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच माइकवरून सांगा की सर्व बक्षिसं शाळेच्या अमुक कामासाठी आहेत आणि सगळ्या कलाकार मुलांना सारखीच वही-पेन मिळेल. स्टेजच्या बाजूला टेबल टाकून दोघांना बसवा. एकाने नाव आणि रक्कम वहीत लिहायची, दुसऱ्याने पैसे घेऊन डब्यात टाकायचे. निवेदकाच्या किंवा शिक्षकाच्या खिशात नोट जाता कामा नये. स्टेजवर मुलांच्या अंगावर नोटा लावणं, ओवाळणं पूर्ण बंद. कार्यक्रम संपल्यावर, मंडप सोडण्याआधी, चौघांसमोर मोजणी करायची, बेरजेखाली सह्या आणि आकडा त्याच रात्री ग्रुपवर. मंडप, साउंड आणि पोशाखांचं भाडं यातून जाणार असेल तर तेही आधीच जाहीर करा. पोशाखाचा खर्च झेपत नाही म्हणून एकही मूल स्टेजखाली राहू नये, हे बघणं समितीचं काम.

बाल आनंद मेळाव्याचा बाजार मात्र निधीचं साधन करू नका. मुलं भेळ, भाजी, लिंबू सरबत विकतात, सुट्टे मोजतात, नफा-तोटा शिकतात. तो नफा त्यांनाच ठेवू द्या.

गावाबाहेरचा पैसा

पुण्या-मुंबईतले माजी विद्यार्थी मदत करतात, पण त्यांना 'काहीतरी द्या' म्हणून चालत नाही. एक पान करा: शाळेचं नाव, यूडायस क्रमांक, पट, नेमकी गरज, कोटेशन, ठरावाची प्रत, फोटो. हेच पान जवळच्या एमआयडीसीतल्या कंपनीलाही चालतं. ठरावीक उलाढाल किंवा नफा असलेल्या कंपन्यांना कंपनी कायदा २०१३ नुसार मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते आणि शिक्षण त्या यादीत आहे. कंपनीकडून रोख मागण्यापेक्षा वस्तू किंवा काम मागा.

गावचा मुलगा परदेशात असेल तर एक गोष्ट विचारा: पासपोर्ट कुठला? भारतीय नागरिक असेल तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी धरले जात नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, एफसीआरए हा विदेशी देणग्यांचा कायदा लागू होतो आणि समितीला ते पैसे परस्पर घेता येत नाहीत. तसंच देणगीवरची आयकराची ८०जी ची करसवलत फक्त तशी नोंदणी असलेल्या संस्थेच्या पावतीवर मिळते. समितीने कुणालाही तोंडी आश्वासन देऊ नये.

खर्च आणि हिशेब

मोठ्या खरेदीला तीन कोटेशन, पक्कं बिल, चेकने किंवा ऑनलाइन पैसे. अध्यक्षांच्या मेहुण्याचं दुकान सगळ्यात स्वस्त असलं तरी अध्यक्षांनी त्या चर्चेतून बाहेर बसावं आणि तसं प्रोसिडिंगला लिहावं. कीर्द, म्हणजे जमाखर्चाची वही, रोजच्या रोज लिहायची. जमा, खर्च, शिल्लक असा एक पानी हिशेब शाळेच्या व्हरांड्यात डकवा आणि पुढच्या पालकसभेत मोठ्याने वाचा. वाचताना मध्येच कुणी उठून विचारलं तर रागावू नका, बिल दाखवा. पन्नास रुपयांच्या रिक्षाभाड्यालाही व्हाउचर करा.

खासगी विनाअनुदानित शाळेतल्या पालकांचं गणित वेगळं आहे. तिथे महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याखाली पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडतात. तिचं मुख्य काम फीवाढ तपासणं. तिथे आधी त्या समितीसाठी नाव द्या, फन-फेअरचे स्टॉल नंतर.

दोन वर्षांनी समिती बदलते तेव्हा पासबुक, चेकबुक, उरलेली पावतीपुस्तकं, कीर्द, प्रोसिडिंग आणि डेड स्टॉक रजिस्टर यांची यादी करून नव्या अध्यक्षांकडे सहीनिशी द्या. बँकेत सह्या बदलण्याचा ठराव पहिल्याच बैठकीत घ्या. आणि नव्या समितीत ऊसतोडीवरच्या, पारधी-धनगर वस्तीवरच्या एखाद्या आईचं नाव सुचवायला विसरू नका. तिला बैठकीला येता येईल अशी वेळ तिलाच विचारून ठरवा.